नाथसागराच्या काठावर, एका दुर्बिणीमागे अकरा जण

माकडटोपी कानांवर नीट ओढून घ्या. पहाटेचे साडेचार वाजलेत, जानेवारी आहे, आणि नागापूर फाट्यावरचा वारा तुमच्या घरी विणलेल्या स्वेटरच्या टाक्याटाक्यातून आत शिरतोय. एमआयडीसीकडून फाउंड्रीचा जळका वास येतो, मागोमाग कूलंटचा तेलकट. तिसरी पाळी अजून सुटलेली नाही. कुठल्याशा शेडमधला पॉवर प्रेस ठरावीक अंतरानं आदळतो आणि त्याचा ठोका कानांच्या आधी तळपायांना कळतो.

साल १९८८. हे एकदाच सांगतो; दिवसभर पुन्हा कुणाला विचारू नका, लोक वेड्यात काढतील. खिसेही चाचपू नका, मोबाईल नाही. खिशात एसटीपुरते सुटे पैसे आहेत आणि खांद्यावरच्या शबनममध्ये बाजरीच्या भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी. चटणीचं तेल कागदातून झिरपून वहीच्या कोपऱ्याला लागलंय. राहू द्या. त्या वहीचं आज याहून वाईट होणार आहे.

तुम्ही समुद्रावर चाललाय. नगर जिल्ह्याला समुद्र नाही हे मलाही माहीत आहे. पण पैठणला गोदावरी अडवली, १९७६ला जायकवाडीचं धरण पुरं झालं, आणि दहा किलोमीटर लांबीच्या त्या भिंतीमागं सुमारे साडेतीनशे चौरस किलोमीटरवर पाणी पसरलं. एकनाथांच्या गावचं पाणी म्हणून नाथसागर. पाणी पसरट फार, खोल कमी. काही ठिकाणी उभं राहिलं की पलीकडचा काठ दिसत नाही आणि वारा सुटला की खऱ्याखुऱ्या लाटा येतात. कोकणात जायला पैसेही नाहीत आणि दोन दिवसांची सुट्टीही नाही, त्यामुळे नगरच्या पोरांचा किनारा हाच.

अंधारात माणसं जमताहेत. आयटीआयचे तिघं, नखांत ग्रीस. कॉलेजातले चौघं, त्यांत तुम्ही. दोन मुली, आणि त्यांच्यावर लक्ष ठेवायला घरून धाडलेला एकीचा धाकटा भाऊ. तो आत्ताच उभ्यानं झोपलाय. अकरावे शाळेतले विज्ञानाचे सर, मफलरमधून फक्त चष्मा दिसणारे. सर टॉर्च मारून सगळ्यांचे कपडे तपासतात. एकीच्या लालभडक स्वेटरवर प्रकाश थांबतो.

“हा उलटा घालायचा.”

“सर, आतून पण लालच आहे.”

“मग वरून माझी शाल घे. रोहित पक्ष्यांना घाबरवायला आलो नाही आपण.”

सायकली मनमाड रस्त्यानं सावेडीवरून दिल्ली दरवाजाकडं सुटतात. डायनॅमोचा दिवा पायडल मारलं तरच लागतो, त्यामुळे दमलात की अंधार. स्टँडवर सायकलींचे बिल्ले घ्या, बशीत ओतून चहा प्या, आणि औरंगाबादच्या गाडीत खिडकीची जागा मुळीच धरू नका. तिची काच वर सरकते, पण वर राहत नाही.

जेऊर मागं पडतं. इमामपूरच्या घाटात इंजिन रडतं, तुमचे गुडघे पुढच्या बाकाच्या पत्र्यावर आपटतात. पांढरीपूल, घोडेगाव. दिव्याच्या झोतात उसाच्या बैलगाड्यांची रांग लागते. आसाखाली टांगलेला कंदील, बैलांच्या गळ्यातल्या घुंगरांचा आवाज, आणि मोळ्यांच्या ढिगावर गोधडीत गुरफटलेलं एखादं लेकरू. वारा कारखान्याच्या बाजूनं आला की मळीचा आंबूस वास गाडीभर होतो. नेवासा फाट्याला अर्धी गाडी उतरते. प्रवरासंगमला तुम्ही.

उतरल्या उतरल्या थंडी बदलते. फाट्यावरची कोरडी होती, ही ओली आहे. पाण्यावर धुक्याचा थर बसलाय, देवळाचा कळस तेवढा वर निघालाय, आणि त्या पांढऱ्याच्या आतून आवाज येतोय. एक नव्हे, शेकडो. कुजबुज, फुरफुर, शिट्ट्या, मधूनच गाढवानं सुरुवात करून सोडून द्यावी असं काहीतरी. अजून एकही पक्षी दिसलेला नाही. पण धाकटा भाऊ खाडकन जागा झालाय.

संगमापासून खाली, पाण्याच्या कडेकडेनं चालायचं आहे. चपला हातात घ्या. नाही म्हणता? बरं. पन्नासेक पावलांवर तुमचा डावा पाय पोटरीपर्यंत गाळात जातो, वर येतो तेव्हा चप्पल आत राहते, आणि कोपरापर्यंत हात घालून ती काढता तेव्हा तिचा अंगठा तुटलेला असतो. मुलींपैकी एकीनं न बोलता सेफ्टी पिन पुढं केलीय. गाळ गार आहे, लोण्याइतका मऊ, आणि त्याला कुजलेल्या गवताचा, शिंपल्यांचा, मेलेल्या माशांचा मिळून एक जाड वास आहे. दुपारपर्यंत तो तुम्हाला येईनासा होईल. घरच्यांना मात्र तीन दिवस येईल.

आता दुर्बीण. ती एकच आहे. भिंगारच्या एका निवृत्त सुभेदारांकडून सरांनी मागून आणलेली, पितळ आणि चामड्याची, गळ्यात घातली की मान आपोआप लवते. उजव्या नळीत बुरशीचा एक ठिपका आहे, तो प्रत्येक पक्ष्यावर दिसणार. कायदा सरांचा: ज्याच्या हातात दुर्बीण त्यानं बघायचं, बाकीच्यांनी एक ते वीस मोजायचं, एकविसाव्याला ती पुढच्याच्या हातात. पहिल्या फेरीत सगळे सावकाश मोजतात. तिसऱ्या फेरीला तुमच्या वाटणीचे वीस आकडे सहा सेकंदांत संपतात आणि तुम्हाला दिसलेलं असतं ते फक्त पाणी, थरथरणारं.

पण सहा सेकंदांत काय काय बघता येतं ते शिकाल. चोच बघा आधी, सर ओरडतात, रंग नंतर! धुकं फाटतंय. उथळ पाण्यात शेकाट्या चालताहेत, लांब गुलाबी पाय, प्रत्येक पाऊल पाण्याबाहेर पुरतं काढून मग पुढं. त्यांच्या पलीकडं चमच्यांची रांग, अर्धवट उघडी चोच पाण्यात घालून मान डावी-उजवीकडं झाडणारी. थापटे बदकं एकमेकांमागं गोल गोल फिरून तळचा गाळ वर काढताहेत. तलवार बदकाची शेपटी तुम्हाला दिसली. तुमच्या शेजारच्याला दिसली नाही. तो आता दिवसभर तुमच्यावर डूख धरणार. चक्रवाकांची जोडी उन्हात येते आणि सगळा जथ्था एकदम “आहाहा” करतो. पाणी निम्मं रिकामं होतं. सर काही बोलत नाहीत. फक्त बघतात तुमच्याकडं. यापुढं “आहाहा” तोंड मिटून करायचं.

सरांच्या पिशवीत सलीम अलींचं पुस्तक आहे, इंग्रजी, रंगीत चित्रांचं, ब्राऊन पेपरचं कव्हर घातलेलं. अली गेल्या जूनमध्ये गेले. त्या दिवसापासून सर ते पुस्तक कुणाच्या ओल्या हातात देत नाहीत. पानं तेच उलटतात, तुम्ही फक्त वाकून बघायचं. एका पुस्तकावर अकरा डोकी वाकली की खोबरेल तेल, बिडीचा धूर आणि शेंगदाण्याची चटणी यांचा मिळून जो वास होतो, तो माझ्या मते पक्षिनिरीक्षणाचा खरा वास. हल्ली प्रत्येकाच्या गळ्यात वेगळी दुर्बीण असते, त्यामुळे तो नाहीसा झाला.

“कुढले पाव्हणे?”

पाण्यातून आवाज. ट्रकच्या फुगवलेल्या ट्यूबवर बसून एक भोई जाळं ओढतोय, कमरेपर्यंत ओला. या थंडीत.

“नगरचे, मामा. नागापूरचे.”

“कंपनीतले?”

“शिकतोय अजून.”

तो हातांकडं बघतो सगळ्यांच्या. “बंदूक?”

“नाही ओ. नुसतं बघायला.”

“नुसतं?” तो जाळ्यातून एक चिलापी सोडवून टोपलीत टाकतो. त्याला हे पटलेलं नाही, पण दुर्बीण त्याला हवी आहे. सर ती देतात, आणि आपोआप सगळ्यांच्या तोंडून एक, दोन, तीन सुरू होतं. मामा चाळिसाला पोचतो तरी दुर्बीण सोडत नाही. मग हात लांब करून सांगतो, “तांबडे तिकडं गेलेत, टेकाडाच्या पल्याड. काल मोप व्हते. वाकून जा मात्र. त्ये मान वर करून बसत्यात.”

टेकाडाकडं जाताना हरभऱ्याची शेतं लागतात. हे शेत वर्षातले आठेक महिनेच जमीन असतं, बाकी पाण्याखाली. धरण उतरू लागलं की पाण्यानं सोडलेल्या गाळात पेरतात, त्याला गाळपेर म्हणतात, आणि ती जमीन सालासालाच्या बोलीनं मिळते. हरभऱ्याच्या पाल्यावरचं दव आंबट असतं. पँट गुडघ्यापर्यंत भिजून चिकट होते, पोटरीवर कालचं खरचटलेलं झोंबू लागतं. चार दिशांनी पत्र्याच्या डब्यांचा खणखणाट चाललाय. गोफणीचा दगड हवेत घूं करून जातो. पाण्यात, धोंड्याच्या टप्प्याच्या जरा पुढं, पट्टकदंब हंस बसलेत. करडे, डोक्यावर दोन काळे पट्टे, दोन-तीनशे तरी. मंगोलिया, तिबेटकडून हिमालयाच्या माथ्यावरून उडत येणारे. तुमच्या घशात काहीतरी अडकलंय. हिमालय ओलांडून, आणि इथं, नेवासा तालुक्यात!

“अय! झोपा काढू नका तिथं उभं राहून, हाकला की!” डोक्याला टॉवेल बांधलेला म्हातारा तुमच्या हातात डबा कोंबतो. काय करणार? वाजवा. ज्या पक्ष्यांसाठी रात्री झोपला नाहीत त्यांच्यावरच पत्र्याचा डबा बडवायचा, आणि सर तिकडं तोंड फिरवून मफलरमध्ये हसताहेत.

आणि मग साडेनऊ वाजतात.

आधी एक डबा थांबतो. मग दुसरा. म्हातारा गोफण कमरेला खोचून गावाकडं भराभर निघालाय. बांधावरची बाई खुरपं टाकून निघाली. गुराखी निघाला, गुरं तिथंच. पाण्यातला मामासुद्धा ट्यूब काठावर ओढून पळतोय, ओल्या धोतरानं. कुणी मेलंबिलं का, असं तुमच्या मनात येतं आणि लगेच उजेड पडतो. आज रविवार. रामायण. गावात कुणाकडं तरी ट्रॅक्टरच्या बॅटरीवर टीव्ही लागलाय आणि गेलं वर्षभर या वेळेला महाराष्ट्रात रस्त्यावर माणूस दिसत नाही. तुमच्यातल्या तिघांच्या घरी तर आजच्या खाड्यावरून काल रडारड झालीय.

अर्धा-पाऊण तास काठ रिकामा असतो. हंसांना हे माहीत आहे. खरंच सांगतो, त्यांना वेळ कळते. पहिले दोघं-तिघं पाण्यातून चालत वर येतात, मान उंच, मग पन्नास, मग सगळे. हरभऱ्यात उतरतात. चोचीनं कोंब तोडल्याचा कुडूम कुडूम आवाज तुम्ही बांधाआड पालथे पडून ऐकताय, पोटाखाली ओलं, नाकासमोर मुंग्या, आणि दुर्बिणीची गरजच नाही. हंसाच्या चोचीवरचा पिवळा रंग नुसत्या डोळ्यांनी दिसतो, त्याच्या टोकाची काळी नखीही. कुणी मोजत नाही. मोजायला विसरलेत सगळे.

म्हातारा परत येतो तेव्हा डोळे ओले आहेत. सीतेचं काहीतरी असावं. शेत बघून तो जे बोलतो ते रामायणातलं नाही.

पण त्याचा राग फार वेळ टिकत नाही. तुम्हीही हाकलायला होतात की, मग का नाही हाकललंत, या प्रश्नाला अकरा जणांकडं उत्तर नाही, आणि अकरा माना एकदम खाली गेलेल्या बघून त्यालाच हसू येतं. तो चार पेंढ्या हरभरा उपटतो, वाळक्या काट्याकुट्यांवर टाकतो, काडी लावतो. हुळा. पाल्याचा धूर डोळ्यांत जातो, घाटे तडतडतात. राखेतून वेचून, तळहातावर चोळून, फुंकून तोंडात. आत हिरवा, गोडसर, वर जळका. दहा मिनिटांत सगळ्यांचे ओठ काळे, मुलींचेही, आणि त्या लाल स्वेटरवाल्या पोरीनं सरांच्या शालीला हात पुसलेत. तुम्ही भाकरी सोडता, तो मिरचीचा ठेचा काढतो.

“बाबा, गाव कोणतं तुमचं?”

तो हात करतो. पाण्याकडं. हंस परत जाऊन बसलेत साधारण तिथंच. “मारुतीचं देऊळ त्या बाजूला. वाडा आमचा त्याच्या मागं. उन्हाळ्यात लई पाणी आटलं तर जोतं दिसतं.” शंभरावर गावं अशी गेली. तो पुढं काही सांगत नाही, तुम्हीही विचारू नका. त्यानं पुढ्यात आणखी घाटे सरकवलेत, ते खा. “ह्ये बी पाव्हणे आन् तुमी बी,” तो म्हणतो. “कुणाला काय बोलायचं?”

टेकाडाच्या पलीकडं जाताना शेवटचे शंभर फूट रांगत जायचंय. ऊन आता पाठीवर भाजतंय, स्वेटर कमरेला बांधलाय, सकाळचा गाळ अंगावर वाळून तडकतोय. डोकं हळूच वर काढा. पहिल्यांदा निराशाच होते. पांढुरके पक्षी, लांब पायांचे, डोकी उलटी करून पाण्यात घातलेली, पायांनी गाळ तुडवत सरकणारे. हेच ते रोहित? सर बोटांनी चौकट करून मोजणी शिकवताहेत. दहांचा ठोकळा डोळ्यांत बसवा, तसे दहा ठोकळे म्हणजे शंभर, आता तोच शंभराचा ठोकळा पुढं ढकला. गेल्या वर्षीपासून भारतीय उपखंडात जानेवारीत पाणपक्षी मोजतात म्हणे. आपल्याला कुणी मोजायला सांगितलेलं नाही. तरी मोजायचं. कॉलेजवाल्यांचे दोनशे दहा, आयटीआयवाल्यांचे दोनशे साठ. वहीत दोन्ही लिहिले जातात आणि खाली सही होते.

इतक्यात बदकं उठतात. पाणथळीवरून भोवत्या आलाय, पंखांचा उथळ व्ही करून, खालून खालून तरंगत. त्या शिकारी पक्ष्याच्या नुसत्या सावलीनं अख्खा फुगवटा ढवळून निघतो. हजारो पंखांचा आवाज छातीत घुमतो, वारा येतो तोंडावर, खरोखरचा वारा, त्यात शेवाळ आणि पिसांचा वास. आणि त्या गदारोळात रोहित चालायला लागतात, मग पळायला, पाण्यावर थपाथपा पाय आपटत, आणि उघडतात. मघाचे पांढुरके पक्षी कुठं गेले? हे तर शेंदरी आहेत, काळी किनार असलेले, मान पुढं पाय मागं, डोक्यावरून अर्धं आभाळ भरून चाललेत. आयटीआयचा एक जण हॉटशॉट कॅमेरा घेऊन आलाय. तो खटखट सुटतो. छत्तीसचा रोल, आज पंधरा संपवले. महिन्यानं स्टुडिओतून फोटो येतील तेव्हा त्यांत आभाळ असेल आणि आभाळात मिरीपूड पडल्यासारखे ठिपके, पण हे त्याला आत्ता सांगू नका.

ज्यावरून पुढं वाद होणार तो पक्षी यानंतर येतो. तीन-साडेतीनला, परतीच्या वाटेवर, सगळे दमलेले, पाण्याच्या बाटल्या रिकाम्या. दूर गाळावर एकटाच करकोचा. मोठा, गडद. सूर्य त्याच्या मागं. दुर्बीण मुलींकडं, मग धाकट्या भावाकडं, मग आयटीआयकडं, वीस-वीस आकडे, आणि ती तुमच्या हातात येते तेव्हा मोजणारे अकराला पोचलेले असतात आणि पक्षी उडतो. तुम्हाला दिसलं ते पांढरं पोट आणि लांब लालसर पाय. बुरशीच्या ठिपक्यासकट.

प्रवरासंगमला संध्याकाळची गाडी भरूनच येते. दांडीला लटकून आत घुसा. कोंबड्यांची खुराडी, दुधाचे रिकामे कॅन, बाजारातून परतणाऱ्या बायका, आणि तुमच्या अंगचा गाळ. तुमच्या आजूबाजूची जागा आपोआप मोकळी होतेय. कॉलेजातल्या एकानं मामाकडून जिवंत मरळ विकत घेतलाय. तो ओल्या पोत्यात उसळी मारतो आणि शेजारच्या आजी रामराम म्हणत पाय वर घेतात. कंडक्टर पोत्याला बोट लावून बघतो. “ह्याचं लगेज पडंल.”

तिकिटं निघायच्या आतच सुरू होतं. “काळा करकोचा. चोच लाल होती, मी बघितली,” मुलींपैकी एक म्हणते. “काळी होती चोच! आणि मान पांढरी. कांडेसर होता.” “मान पांढरी कशी असेल, ऊन होतं ते.” “तू नऊ आकडे बघितलंस फक्त.” “सर, दोन्हींचं पोट पांढरंच असतं ना?” सर पुस्तक काढतात, गाडी हादरते, दिवा गेलाय, टॉर्चच्या पिवळ्या गोलात पान नाचतंय. दोघंही शेजारी शेजारी छापलेले हवेत तर नेमके वेगळ्या पानांवर. दुधाच्या कॅनवर बसलेला माणूस स्वतःहून सांगतो की त्याच्या विहिरीवर असला एक येतो, पण चोच त्यानं कधी बघितली नाही. आजींनी पाय खाली सोडलेत. त्यांचं मत पोरीच्या बाजूनं आहे, कारण पोरगी खोटं कशाला बोलंल.

घोडेगावच्या अलीकडं गाडी उसाच्या बैलगाड्यांमागं अडकते. नगर यायला अजून तासभर तरी लागणार. तुम्हाला पाय दिसले होते, लाल. म्हणा की तसं, मोठ्यानं म्हणा. भांडा.